‘कलर’चं मूळ सापडलं, पण अर्थ सापडला का?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांचे प्रस्ताव, सिनॉप्सिस, एम.एस्सी.चे प्रकल्प अहवाल चाळले की पहिल्या-दुसऱ्या पानावर एक ठरलेला परिच्छेद भेटतो. ‘अमुक शब्द लॅटिनमधल्या तमुक शब्दापासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ असा. म्हणून या संकल्पनेचं खरं स्वरूप असं आहे.’ विषय रंगद्रव्यांचा असो, कापडाचा असो नाहीतर समाजशास्त्राचा असो, साचा तोच. आज मला या साच्यावर टीका करायची आहे. त्यासाठी उदाहरण एकच घेते: कलर हा शब्द.

हाच का? एक तर तो सगळ्यांच्या कामाचा आहे. रसायनवाला, कापड रंगवणारा, वकील, जातिव्यवस्थेचा अभ्यासक, सगळे तो वापरतात आणि प्रत्येकाच्या मनात वेगळं काहीतरी असतं. दुसरं म्हणजे मराठीत त्याच्यासाठी एक नाही, दोन मोठे शब्द आहेत, रंग आणि वर्ण. आणि तिसरं म्हणजे मी श्रीपूरची आहे. आमच्याकडे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ‘कलर किती आला?’ असं विचारलं की उत्तर ‘पांढरा’ किंवा ‘पिवळसर’ असं येत नाही. एक आकडा येतो. या आकड्याकडे पुढे येऊच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शब्दाचं मूळ शोधणं चांगलंच आहे, त्यातून प्रश्न सुचतात. पण ते पुरावा म्हणून चालत नाही. शब्दाचा अर्थ तो आज कोण, कुठे, कशासाठी वापरतो यावर ठरतो. विज्ञानात तर तो मोजण्याच्या पद्धतीवर ठरतो.

आधी मुळं बघू

इंग्रजी कलर लॅटिन ‘कोलोर’वरून, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमधलं त्याहून जुनं रूप ‘कोलोस’. बहुतेक कोश त्याचा संबंध ‘झाकणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. लॅटिन ‘केलारे’ म्हणजे लपवणे, हेही त्याच कुळातलं. तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत रुळला तेव्हा त्याचा एक ठळक अर्थ माणसाच्या कातडीचा, चेहऱ्याचा रंग असा होता. इंग्रजीजवळ त्याआधी ‘ह्यू’ हा स्वतःचा शब्द होताच. त्याचा जुना अर्थ रूप, दिसणं. ग्रीक ‘ख्रोमा’सुद्धा शरीराचा पृष्ठभाग, कातडी यांच्याशी जोडलेला. क्रोमोसोम, क्रोमॅटोग्राफी, क्रोमियम हे सगळे त्याचेच वंशज.

आता आपल्याकडे. ‘रंग’ संस्कृतातल्या ‘रञ्ज्’ धातूवरून. रंगणे, तांबडं होणे आणि मन जडणे, असे त्याचे अर्थ. राग, अनुराग, रंजन, रंजक ही सगळी भावंडं. ‘वैराग्य’ही त्याच घरातलं, शब्दशः बघितलं तर रंग उतरलेली अवस्था. मराठीत गप्पा रंगतात, भजन रंगतं, डावाचा बेरंग होतो, नाटक रंगभूमीवर होतं. म्हणजे रंग हा आपल्याकडे नुसता डोळ्याचा विषय कधीच नव्हता.

आणि ‘वर्ण’? तो बहुधा ‘वृ’ म्हणजे झाकणे, वेढणे या धातूवरून आला असं मानतात. मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात वर्ण शब्दाखाली सुरुवातीलाच आवरण, पांघरूण, झाकण हे अर्थ दिलेत. बाह्य रूप, रंग, जात-वर्ग, अक्षर हे अर्थ त्यानंतर येतात.

मोहात पाडणारा युक्तिवाद

एवढी माहिती हाताशी आली की एक मांडणी आपोआप सुचते. ‘बघा, इंग्रजाच्या दृष्टीनं रंग म्हणजे वरचं झाकण. आपल्या दृष्टीनं रंग म्हणजे आतपर्यंत भिजणं. त्यांची संस्कृती पृष्ठभागाची, आपली अंतरंगाची.’ ऐकायला छान वाटतं. भाषणात टाळ्या मिळतात. निबंधात, प्रस्तावनेत अशी वाक्यं मी बरीच वाचली आहेत. पण परीक्षकासमोर ती दोन मिनिटंही टिकणार नाहीत. का ते बघू.

पहिली अडचण: वर्ण. तोही आपलाच शब्द आणि तोही झाकणाच्याच कल्पनेतून आलेला. म्हणजे लॅटिनवाले आणि संस्कृतवाले वेगवेगळ्या धातूंवरून एकाच कल्पनेपाशी पोचले. वरची मांडणी करणारा ‘रंग’ उचलतो आणि ‘वर्ण’ बाजूला ठेवतो. आपल्याला हवा तेवढाच पुरावा घ्यायचा नि नको तो टाकायचा, ही संशोधनातली जुनीच चोरी आहे.

दुसरी अडचण: आजचा वापर मुळाचं ऐकत नाही. आपण भिंतीला रंग देतो, तो वरच बसतो. तोंडाला रंग फासतो, तोही वरचाच. सोलापूरच्या चादरी-टॉवेलच्या धंद्यात तर दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी दिसतात. सुती धाग्याला रिॲक्टिव्ह डाय वापरला तर रंगाचा रेणू सेल्युलोजशी रासायनिक बंध करतो, म्हणून तो धुतला तरी टिकतो. पिगमेंट प्रिंटिंगमध्ये मात्र रंगाचे कण बाइंडरच्या पातळ थरानं कापडाच्या पृष्ठभागावर चिकटवलेले असतात. एक भिजणं, एक झाकण. कारागीर दोघांनाही रंगच म्हणतो आणि त्याचं काही अडत नाही. कुठला कधी वापरायचा हे धागा, खर्च आणि गिऱ्हाईक ठरवतं. रञ्ज् धातू ठरवत नाही.

तिसरी अडचण काळाची. धातूचा अर्थ आणि आजचा शब्द यांच्यामध्ये हजारो वर्षं आहेत. इतकं लांब कशाला जायचं? ‘तपकिरी’ हा शब्द तपकिरीवरून आला हे आपल्याला स्पष्ट दिसतं. तरी तपकिरी शर्ट विकत घेणाऱ्याच्या डोक्यात तपकिरीची डबी नसते. अगदी कालचं मूळ जर अर्थाला बांधून ठेवत नसेल, तर तीन हजार वर्षांपूर्वीचं कसं ठेवेल?

मग मूळ शोधणं बिनकामाचं का? नाही. एक जागा दाखवते जिथं त्याचा उपयोग होतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९९ मध्ये सरकारी नोकरानं ‘पदाच्या कलरखाली’ सद्भावनेनं केलेल्या कृतीचा उल्लेख होता. आपल्या घटनात्मक कायद्यात ‘कलरेबल लेजिस्लेशन’ नावाचा सिद्धांत आहे. के. सी. गजपती नारायण देव विरुद्ध ओरिसा राज्य या १९५३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याची चर्चा केली. जे सरळ करण्याचा अधिकार विधिमंडळाला नाही, ते दुसऱ्या कशाचं तरी रूप देऊन आडवळणानं करता येणार नाही, असा त्याचा आशय. आता इथं कलर म्हणजे लाल-पिवळा नक्कीच नाही. तो आहे बाहेरचा देखावा, पांघरूण. रोमन वक्तेसुद्धा खटल्याला सोयीस्कर वळण देणाऱ्या मांडणीला ‘कोलोर’च म्हणत. झाकणाचं मूळ माहीत असलं की हा अर्थ लगेच समजतो आणि ‘रंगीत कायदा’ असं हास्यास्पद भाषांतर टळतं. तरीही लक्षात घ्या, न्यायालय निकाल देताना लॅटिन धातू बघत नाही. घटना बघतं, कायद्याचा विषय बघतं, आधीचे निकाल बघतं. मूळ समजायला मदत करतं, निर्णय देत नाही.

मुळाकडे जायचंच असेल तर नीट जा

व्युत्पत्ती हे स्वतःच एक शास्त्र आहे आणि त्यालाही पुरावा लागतो. आमच्या भागातलं उदाहरण देते. ‘पांडुरंग’. शब्द फोडला की पांडुर म्हणजे पांढरा आणि अंग किंवा रंग. म्हणजे पांढऱ्या वर्णाचा. आता पंढरपूरची मूर्ती काळ्या पाषाणाची, संत तिला सावळी म्हणतात आणि नाव मात्र पांढऱ्याचं. यावर भाविकांनी सुंदर-सुंदर अर्थ लावलेत, ते श्रद्धेच्या जागी ठीकच आहेत.

अभ्यासकांनी मात्र वेगळा प्रश्न विचारला: या नावाचं आधीचं रूप काय होतं? जुन्या कानडी शिलालेखात गावाचं नाव ‘पंडरगे’ असं येतं. त्यावरून अनेक संशोधकांनी असं मत मांडलं की पांडुरंग हे मुळात गावाच्या नावाचं संस्कृत वळणानं घडलेलं रूप असावं. तसं असेल तर त्या नावात रंग मुळात नव्हताच, तो आपण नंतर वाचला. हे मत तुम्ही मान्य करा अथवा करू नका, पण पद्धत बघा. शब्द दिसतो तसा फोडून अर्थ लावणं वेगळं आणि तारीख असलेलं जुनं लेखी रूप शोधून त्यावर बोलणं वेगळं. आपल्या प्रस्तावांमधला तो ठरलेला परिच्छेद बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो, आणि तोही इंटरनेटवरून उचललेला.

श्रीपूरच्या लॅबमधला कलर

आता त्या आकड्याकडे. श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातलं गाव साखरेमुळे वाढलं. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तिचा कारखाना इथं उभा राहिला. पुढे पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचं नावही श्रीपूरशी जोडलं गेलं. गाळप हंगामात इथल्या बोलण्यात रिकव्हरी, ब्रिक्स, पोल आणि कलर हे शब्द सहज येतात.

हा कलर मोजतात कसा? साखरेच्या विश्लेषणाच्या पद्धती ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, इकुम्सा. ती १८९७ साली हॅम्बुर्गला सुरू झाली. तिच्या पद्धतीत साखर पाण्यात विरघळवायची, द्रावण बारीक छिद्रांच्या मेम्ब्रेन फिल्टरमधून गाळायचं आणि ४२० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ते किती शोषून घेतं हे मोजायचं. शोषणाला क्युव्हेटची लांबी आणि दर मिलिलिटरमधली साखर यांनी भागायचं आणि १००० नं गुणायचं. उदाहरण करून बघा. वजनानं निम्मी साखर असलेल्या द्रावणात दर मिलिलिटरला साधारण ०.६१५ ग्रॅम साखर असते. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषण ०.०६१५ आलं, तर कलर १००. झालं. या आकड्यात ‘कसा दिसतो’ हा प्रश्न कुठेच नाही.

४२० च का? साखरेतली रंगद्रव्यं पिवळसर-तपकिरी असतात. उसातली फिनॉलिक संयुगं, तापवल्यावर होणारं कॅरमल, साखर आणि अमिनो आम्लांच्या अभिक्रियेतून तयार होणारी मेलॅनॉइडिन्स ही त्यातली मुख्य. पिवळसर दिसणारी वस्तू निळ्या-जांभळ्या बाजूचा प्रकाश शोषते, म्हणून तिथंच मोजलं की फरक चांगला कळतो. पण गंमत पुढे आहे. तेच द्रावण घ्या, फक्त पीएच वाढवा. काही रंगद्रव्यं पीएचप्रमाणे बदलतात, त्यामुळे आकडा चढतो. म्हणून पद्धतीत पीएच कसा ठेवायचा तेही ठरवून दिलेलं असतं. पीएच न लिहिता कोणी नुसता कलर लिहिला, तर तो आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही.

आता याच साखरेचा दुसरा कलर. बाजारात एस-३०, एम-३० अशा ग्रेड ऐकल्या असतील. अक्षर दाण्याच्या आकाराचं, आकडा कलरच्या श्रेणीचा. हा ३० म्हणजे इकुम्साचे ३० नव्हेत. हा गोंधळ विद्यार्थ्यांकडून फार होतो. ग्रेडसाठी कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेकडून येणाऱ्या प्रमाण नमुन्यांच्या बाटल्या शेजारी ठेवून साखर डोळ्यांनी ताडून बघतात. म्हणजे इथं द्रावण नाही, कोरडे स्फटिक आहेत. आरपार गेलेला प्रकाश नाही, परत आलेला प्रकाश आहे. यंत्र नाही, डोळा आहे. आणि डोळ्याला फसवणारी एक गोष्ट यात आहे: दाणा बारीक असेल तर प्रकाश जास्त विखुरतो आणि साखर अधिक पांढरी दिसते. मोठा दाणा दळून बघा. त्यातलं एकही रंगद्रव्य कमी झालेलं नसतं, तरी भुकटी पांढरीशुभ्र दिसते.

म्हणजे एकाच पोत्याचे दोन कलर झाले. दोन्ही खरे आणि दोन्ही वेगळे. तुमच्या प्रबंधात ‘साखरेच्या रंगावर सल्फिटेशनचा परिणाम’ असं शीर्षक असेल, तर यातला कुठला? लॅटिन कोलोर याचं उत्तर देणार नाही. रञ्ज् धातूही देणार नाही. उत्तर तुमच्या पद्धतीच्या प्रकरणातच यायला हवं.

आणि हा नुसता लॅबमधला वाद नाही. गुळाचं बघा. गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ उचलतं, म्हणून बाजारात त्याला भाव मिळतो. म्हणून काही गुऱ्हाळांत रस उकळताना रंग उजळणारी रसायनं टाकली जातात. साधा, रसायन न टाकलेला गूळ तपकिरी, काळपट असतो आणि लोक त्याला ‘खराब’ म्हणतात. रंग म्हणजे शुद्धता, असं आपण न तपासता धरून चालतो. ‘रंग’ हा शब्द मोजमाप म्हणून वापरतोय की किंमत ठरवायला, हे वेगळं न केल्याचा परिणाम थेट शेतकऱ्याच्या पट्टीवर आणि आपल्या पोटात जातो.

परिभाषा काय करते?

मराठीतून विज्ञान शिकून आलेल्यांसाठी आणखी एक गाठ आहे. स्पेक्ट्रमला आपण वर्णपट म्हणतो, क्रोमॅटोग्राफीला वर्णलेखन. कलर ब्लाइंडनेसला कोणी वर्णांधता म्हणतं, कोणी रंगांधत्व. क्रोमोसोमला मात्र गुणसूत्र.

यातला शेवटचा शब्द मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. १८८८ साली वाल्डायर यांनी क्रोमोसोम हे नाव दिलं, कारण पेशीतले ते धागे रंजकानं गडद रंगायचे. म्हणजे नावात रंग आला तो सूक्ष्मदर्शकाखालच्या सोयीमुळे. मराठीत शब्दशः ‘रंगसूत्र’ करता आलं असतं. पण ज्यानं ‘गुणसूत्र’ रूढ केलं त्यानं ग्रीक मूळ सोडून दिलं आणि त्या वस्तूचं काम बघितलं. शाळेतल्या मुलाला नावावरूनच कळतं की इथं गुणांचा, वारशाचा संबंध आहे.

उलट वर्णलेखन. त्स्वेट या शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांतली रंगद्रव्यं वेगळी केली आणि १९०६ मध्ये या तंत्राला क्रोमॅटोग्राफी म्हटलं. तेव्हा खरंच रंगीत पट्टे दिसत होते. आज एचपीएलसीवर आपण सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज वेगळे करतो. तिन्ही रंगहीन. आणि वर्णलेखन म्हटलं की नव्या विद्यार्थ्याला वाटतं, रंग असेल तरच हे तंत्र चालतं. शब्दानं मुळाशी इमान राखलं, पण शिकणाऱ्याला मदत केली नाही. तंत्र वेगळं करण्याचं आहे, रंग लिहिण्याचं नाही. कण-भौतिकीत तर क्वार्कला ‘कलर चार्ज’ असतो. डोळ्याला दिसणाऱ्या रंगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तिथं मुळावरून अर्थ काढायला गेलो तर फजितीच.

परिभाषा करणाऱ्यांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांचं काम अवघड आहे. पण शब्द निवडताना ‘मूळ काय’ यापेक्षा ‘वाचणाऱ्याला काय कळेल’ हा प्रश्न आधी यावा असं मला वाटतं.

वर्ण: इथं घाई महागात पडते

‘वर्ण’ शब्दाला आणखी एक ओझं आहे, ते टाळून पुढे जाणं प्रामाणिक ठरणार नाही. वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्य. म्हणून एक जुना युक्तिवाद असा: वर्ण म्हणजे रंग, त्याअर्थी चार वर्ण म्हणजे कातडीच्या रंगावरून पडलेले वंश, गोऱ्या आर्यांनी काळ्या दासांना जिंकलं आणि त्यातून जातिव्यवस्था आली. युरोपीय विद्वानांमध्ये हे मत एकेकाळी फार प्रचलित होतं. साचा ओळखीचा आहे ना? शब्दाचा एक अर्थ घ्यायचा आणि त्यावरून अख्ख्या समाजाचा इतिहास काढायचा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ च्या ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात हा युक्तिवाद तपासला. तपासला कसा, हे संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. ते धातूपासून सुरुवात करत नाहीत. वापर मोजतात. ऋग्वेदात वर्ण हा शब्द साधारण २२ ठिकाणी येतो, असं ते नोंदवतात. त्यातल्या सुमारे १७ ठिकाणी तो उषा, अग्नी, सोम अशा देवतांबद्दल आहे आणि तिथं तेज, रूप, रंग असा अर्थ आहे. हे सगळे उल्लेख ते बाजूला ठेवतात, कारण देवतेबद्दलच्या अर्थावरून माणसाबद्दलचा अर्थ ठरवता येत नाही. उरतात माणसांबद्दलचे चार, फार तर पाच उल्लेख. ते एकेक करून बघतात आणि म्हणतात की यांवरून कातडीचा रंग सिद्ध होत नाही.

काय केलं बघा. आधी नमुना किती ते सांगितलं. कुठले उल्लेख वगळले आणि का, ते सांगितलं. उरलेला पुरावा किती थोडा आहे हे लपवलं नाही. आजच्या भाषेत याला डेटा, वगळण्याचे निकष आणि मर्यादा म्हणतात.

त्यापुढे ते अवेस्तातल्या श्रद्धा, मत अशा अर्थाच्या सजातीय शब्दाकडे वळतात आणि वर्ण म्हणजे मुळात विशिष्ट श्रद्धा असलेला वर्ग, असा निष्कर्ष मांडतात. माझ्या मते हा दुसरा टप्पा पहिल्याइतका भक्कम नाही. बहिणीच्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ आपल्या भाषेतल्या शब्दाला लावायचा, तर मधला पूल वेगळा सिद्ध करावा लागतो. पण हा मतभेद नोंदवता येतो तोही त्यांनी आपल्या पायऱ्या उघड ठेवल्या म्हणूनच. ज्या लेखनात पायऱ्याच दिसत नाहीत, त्याच्याशी भांडताही येत नाही.

इंग्रजी कलरचीही हीच कथा. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानं ‘कलर्ड’ असा एक गट केला. त्याची व्याख्या काय होती? जो गोरा नाही आणि ‘नेटिव्ह’ही नाही तो. कुठल्याही रंगाचं नाव त्या व्याख्येत नाही. दोन नकारांमधून तयार झालेला तो खाना होता, आणि माणूस कुठे राहणार, कुणाशी लग्न करणार हे त्या खान्यावर ठरत होतं. मराठीत आपण हे सगळं ‘वर्णद्वेष’ या एका शब्दात भरतो. शब्द रूढ आहे, चालेल. पण वंशभेद आणि चातुर्वर्ण्य हे दोन वेगळे विषय एकाच ‘वर्ण’मध्ये मिसळून कोणी प्रबंध लिहायला बसलं, तर दोन्हींवर अन्याय होईल.

आपल्या प्रश्नावलीतही हे घुसतं. ‘रंग: गोरा / गव्हाळ / सावळा / काळा’ असा रकाना टाकला की तुम्ही काय मोजलंत? त्वचेतलं मेलॅनिन? की लग्नाच्या बायोडेटातली भाषा? फिट्झपॅट्रिकचं १९७५ चं त्वचा-वर्गीकरण खूप जण रंगाची मोजपट्टी म्हणून वापरतात. पण ते मुळात उन्हात त्वचा किती भाजते, किती काळवंडते यावरून केलेलं आहे. शब्द सारखा दिसला म्हणून साधन तेच होत नाही.

मग प्रस्तावात लिहायचं काय?

कलर असो नाहीतर तुमच्या विषयातला दुसरा कुठलाही मोठा शब्द असो, लिहायच्या आधी चार गोष्टी कागदावर मांडा.

१. हा शब्द माझ्या कामात नक्की कशाबद्दल आहे? प्रकाश, द्रव्य, पृष्ठभाग, डोळ्याचा अनुभव, बाजारातली ग्रेड की समाजानं पाडलेला गट? एकच निवडा. दोन लागत असतील तर दोघांना दोन नावं द्या.

२. तो कोण ठरवतं आणि कशानं? यंत्र असेल तर तरंगलांबी, पीएच, तीव्रता लिहा. माणूस ठरवत असेल तर त्याला काय दाखवलं, काय विचारलं ते लिहा.

३. मराठीत लिहिताना रंग, वर्ण, रंजक, रंगद्रव्य यांतला कुठला शब्द कशासाठी, ते एकदा सांगा आणि शेवटच्या पानापर्यंत तोच ठेवा. नुसतं ‘कलर’ लिहिलंत तरी हरकत नाही. कारखान्यात तोच शब्द चालतो. पण मग तो इकुम्साचा की ग्रेडचा, ते सांगा.

४. व्युत्पत्तीचा परिच्छेद खोडून बघा. बाकीच्या मांडणीतलं काही पडतंय का? काही पडत नसेल तर तो शोभेचा होता, जाऊ द्या. पडत असेल तर तुमचा युक्तिवाद त्यावर उभा आहे. मग कोशातलं एक वाक्य पुरणार नाही. जुनी रूपं, त्यांचा काळ, प्रत्यक्ष वापर हे सगळं द्यावं लागेल.

शेवटी एक काम देते. तुमच्या विषयातला सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द घ्या. तुम्ही वाचलेल्या पहिल्या वीस शोधनिबंधांत तो कुठल्या अर्थानं आलाय, याचा साधा तक्ता करा: निबंध, अर्थ, मोजण्याची पद्धत. वीसच्या वीस ठिकाणी अर्थ एकच निघाला तर उत्तम, तुमचं काम सोपं झालं. तीन-चार वेगळे निघाले, तर घाबरू नका. बऱ्याचदा संशोधनाचा खरा प्रश्न त्या तक्त्यातच असतो, आणि व्हायवाला परीक्षक विचारतात तोही बहुधा हाच: हा शब्द तुम्ही कुठल्या अर्थानं वापरलात?